चार बोटांचा फरक

आमच्याकडच्या बैलबाजारात अजूनही कुणी गिऱ्हाइकाला फसवलं की लोक म्हणतात, "तात्याची जोड दिली." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी तात्यांना पाहिलेलंही नाही. माझ्यासमोर मात्र हे कुणी म्हणत नाही. एकदा भिगवणला हायवेच्या हॉटेलात एकानं म्हटलं होतं, तेव्हा त्याच्या सदऱ्याची कॉलर माझ्या हातात राहिली होती. लोकांनी सोडवलं. मी त्याला कॉलरचे पैसे दिले नाहीत आणि माफीही मागितली नाही.

तात्या माझ्या नात्याचे कुणी नव्हते. इंदापूर तालुक्यातले ते जुने हेडी, म्हणजे बैलांचे सौदे जुळवणारे दलाल. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्याकडं आलो. आमची होती नव्हती ती जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली होती, शाळा सातवीत सुटली होती आणि माझं तोंड फार चालायचं. तात्यांनी दोन बाजार माझं तोंड ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलायला येतंय तुला. आता बघायला शीक."

त्यांनी बघायला शिकवलं ते असं. बैल दावणीला बांधलेला असायचा आणि ते मला वीस पावलं मागं नेऊन उभं करायचे. "हितनं बघ. बैल एकदम दिसला पाहिजे. शिंग, वशिंड, खूर मागनं. तुकडं मोजत बसतो त्यो गिऱ्हाईक, हेडी न्हाय." मी दीड वर्ष वीस पावलांवर उभा होतो. मग एका सकाळी, कसं कोण जाणे, पंचवीस बैलांच्या दावणीत कुठले दोन एकमेकांचे आहेत ते मला एका नजरेत दिसलं. त्या दिवशी तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली.

हा आमचा रिवाज. भाव तोंडानं करायचा नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडे की हजार ते दोघांना ठाऊक असतं. सभोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. आणि शेवटी अंगठ्याच्या मुळाशी एक दाब द्यायचा. तो दाब दिला की सौदा बंद. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही. मी पुष्कळ लोकांना शिव्या दिल्या आहेत, पुष्कळांना घाम फोडला आहे, पण दाब दिल्यावर सौदा मोडला नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे.

नव्वद साल उलटलं तेव्हा मी माझ्या नावावर धंदा करत होतो. ट्रॅक्टर वाढत होते, तरी ऊस वाहायला बैलगाड्या होत्याच, आणि कारखान्याचा हंगाम जवळ आला की जोड्यांना मागणी असायची. तात्या पासष्टीच्या पुढं गेले होते. त्याच सुमारास त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. चहा बशीत ओतताना तो बशीच्या बाहेर जायचा. दावं धरायला हात पुढं करायचे तो दाव्याच्या वीतभर अलीकडं बंद व्हायचा. लिंबाची सावली जमिनीवर पडली असली की ती चर असल्यासारखी ओलांडायचे. एसटीतून उतरताना शेवटच्या पायरीवर थांबायचे, खाली बघत राहायचे, आणि मागची माणसं ओरडायला लागली की उडी मारायचे. बाजार हसायचा. मीही हसायचो. आणि दुसरीकडं आठवण म्हणाल तर तल्लख. वीस वर्षांपूर्वी कुणाला कुठला बैल दिला, त्याच्या कपाळावर भोवरा कुठं होता, सगळं सांगायचे. म्हातारपणात माणूस विसरतो, हे सगळ्यांना माहीत होतं. न विसरता बिघडतो, हे कुणाला माहीत होतं?

मी त्यांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू होता, तो काढला. जाड चष्मा लागला. महिन्यानं तपासायला गेलो तर डॉक्टरनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. तात्यांना अक्षरओळख होती, पाटीवरची गावं वाचण्याइतकी. सगळ्यात वरचं अक्षर एवढं मोठं, भाकरीएवढं. तात्या म्हणाले, दिसत न्हाय. डॉक्टरनं खालची ओळ दाखवली. मग त्याखालची. तळाची बारीक ओळ, जी मलाही डोळे बारीक करून वाचावी लागली, ती तात्यांनी एकेक अक्षर करत बरोबर वाचली.

डॉक्टर हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, डोळे उत्तम आहेत, म्हातारा नाटक करतोय. घरात काही त्रास आहे का? लक्ष वेधून घेण्यासाठी करतात असं.

मी ते खरं मानलं. एवढंच नाही, पुढच्या बाजारात चहाच्या टपरीवर मी ते रंगवून सांगितलं. तात्या जाड चष्म्यातून भाकरीएवढ्या अक्षराकडं कसे बघत होते, त्याची नक्कल केली. सगळे खोकेपर्यंत हसले. त्यात सगळ्या हेड्यांत वयानं थोरले असलेले आबाही होते. बाजारात तंटा झाला की निवाडा आबांकडं जायचा. आबांनी ती गोष्ट डोक्यात ठेवली. आबा काहीच टाकून देत नसत.

मग जोडीचं प्रकरण झालं.

कोऱ्हाळे बुद्रुककडचे एक ऊसवाले शेतकरी तात्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी निरोप धाडला, हंगाम तोंडावर आहे, माझं येणं होत नाही, तुम्हीच कोसा जोड बघून पाठवा. कोसा म्हणजे खिलारातला तो तांबूस झाक असलेला पांढरा रंग. तात्यांनी दोन बैल घेतले आणि टेम्पोत चढवून पाठवले. ते दोन बैल सकाळी दावणीला शेजारी शेजारी उभे होते, ते मी पाहिले होते. एक दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. मला वाटलं, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचे असतील. त्यांची जोड कुणी करील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मी विचारलंही नाही. माझा एक सौदा अडला होता, मी तिकडं गेलो.

चार बोटांचा फरक म्हणजे काय, ते शेतात राबलेल्याला सांगायला नको. जू एका बाजूला कलतं, सगळं ओझं बुटक्या बैलाच्या मानेवर येतं. पंधरा दिवसांत त्या बैलाचा खांदा सुजून फुटला. शेतकऱ्यानं दोन्ही बैल परत टेम्पोत घातले आणि भर बाजारात आणून लिंबाखाली उभे केले. माणूस सभ्य. आरडाओरडा केला नाही. तात्यांसमोर हात जोडले आणि म्हणाला, "तात्या, मी बघितलं न्हाय, कारण तुमी बघितलं होतं."

तात्या पुढं गेले. एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंड दाबलं, गुडघा चाचपला. मग दुसऱ्याचं तेच केलं. म्हणाले, "दोनी बैल एक नंबर हायेत." खोटं नव्हतं. दोन्ही बैल सुटे सुटे एक नंबरच होते.

"बैल चांगले हायेत," आबा म्हणाले. "पण जोड हाय का ही?"

तात्या मागं सरकले. बरोबर वीस पावलं. तिथून बघत राहिले. मला अजून ते उभं राहणं दिसतं. चष्मा एकदा वर केला, एकदा खाली केला. मग म्हणाले, "हाय की."

आणि मग बोललो तो मी. ज्याला त्यांनी बघायला शिकवलं तो मी. मी ओरडलो, "चार बोटांचा फरक हाय तात्या. आंधळ्यालाबी दिसंल. सरळ सांगा की इमान इकलं म्हणून."

तात्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. आबांनी टॉवेल झटकला आणि निकाल दिला. हात बंद. म्हणजे यापुढं बाजारातल्या कुणी तात्यांच्या टॉवेलाखाली हात घालायचा नाही. हेड्याचा हात बंद झाला की तो बाजारात आला काय आणि न आला काय. कुणीतरी हळूच म्हणालं, डोळे अधू झाले असतील म्हाताऱ्याचे. आबांनी माझ्याकडं बोट केलं. "डोळं चांगलं हायेत. ह्योच सांगत होता की टपरीवर."

मी मान खाली घातली. त्या शेतकऱ्याला मी दुसरी जोड दिली, त्यात तोटा खाल्ला, आणि मला वाटलं माझं कर्तव्य झालं.

आठ दिवसांनी काकी माझ्या दारात उभ्या राहिल्या. तात्यांच्या बायको. एसटीनं एकट्या आल्या होत्या, पाणीही घेतलं नाही. उंबऱ्यावर बसूनच म्हणाल्या, "त्यांचं डोळं गेलं असतील. तुझं कुठं गेलतं?"

मी म्हटलं, काकी, डॉक्टर म्हणाला डोळे चांगले आहेत.

"डोळं चांगलं हायेत, मी कुठं न्हाय म्हणती? सदरा घालायला घेत्यात तर बाही दिसती, सदरा दिसत न्हाय. ताटातली भाजी दिसती, ताट कुठं संपतंय ते दिसत न्हाय. माझं कुकू दिसतंय, नाक दिसतंय, आन इचारत्यात कोण आलंय? मी बोलले की वळखत्यात. त्यांना दिसतंय रं. काय दिसतंय ते कळत न्हाय."

शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं हे सांगितलं. बारामतीच्या डॉक्टरच्या भिंतीवर तीन सर्टिफिकिटं काचेत लावलेली होती. मला तेव्हा जो राग आला तो अजून पुरा गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर त्या रागात मी माझ्यापुरती सवलत घेतलीच. डॉक्टरवर चिडणं सोपं होतं.

पुण्यात मेंदूचे डॉक्टर आहेत असं कळलं. एसटीडी बूथवरून नंबर फिरवून वेळ घेतली. काकी, तात्या आणि मी गेलो. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी तात्यांशी तासभर गप्पा मारल्या. सुपारी, जावयाचं गाव, बैलांचे दात. सगळं तात्यांनी बरोबर सांगितलं. मग त्यांनी एक चित्र पुढं केलं. उसानं भरलेली बैलगाडी, बैल जुंपलेले, वर गाडीवान. शहरातल्या चित्रकारानं काढलेली, जू चुकीच्या जागी.

"काय आहे यात?"

तात्या वाकले. "चाक हाय." मग, "शिंग." मग थोडं थांबून, "ऊस हाय. ही दोरी हाय का साप?"

"आणि सगळं मिळून काय आहे?"

ज्या माणसाची पन्नास वर्षं गाड्या-बैलांत गेली त्याला समोरच्या चित्रातली गाडी दिसेना. मग त्यांनी हात उचलला आणि चित्रावरून फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. कागद सपाट. काकींनी पदर तोंडात धरला. मी उठून खिडकीपाशी गेलो.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून मला दाखवला. डोक्याचा मागचा भाग आणि त्याच्या थोडा वरचा. वाळलेली भुईमुगाची शेंग हलवली की आत दाणा खुळखुळतो, कारण दाणा आकसलेला असतो आणि टरफल तेवढंच असतं. तसं मागं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, आपण डोळ्यानं बघतो असं आपल्याला वाटतं. डोळा फक्त माल आत पाठवतो. रेषा वेगळ्या, रंग वेगळा, हालचाल वेगळी. त्यांची जुळणी मेंदूच्या मागच्या बाजूला होते, आणि मग आपल्याला बैल दिसतो. यांची जुळणी करणारी जागा वाळत चालली आहे. हा विसरभोळेपणाचाच आजार. बहुतेकांत तो आठवणींच्या जागेपासून सुरू होतो, म्हणून लोक त्याला विसरणं म्हणतात. काही थोड्यांत तो मागून सुरू होतो. तेव्हा आठवणी शाबूत असतात आणि दिसणं जातं. पुढं मग तो आठवणींपर्यंत येतो.

मी त्यांना भाकरीएवढ्या अक्षराचं विचारलं. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणाले, यांची बघण्याची खिडकी लहान झाली आहे. बारीक अक्षर त्या खिडकीत पूर्ण मावतं, म्हणून वाचता येतं. मोठं अक्षर मावत नाही, त्याचा एखादा कोपराच दिसतो. नाटक नव्हतं ते.

नाटक नव्हतं. मग माझी टपरीवरची नक्कल काय होती?

मी विचारलं, हात तर बरोबर चालतो त्यांचा. बैल चाचपून अजून वय सांगतात. ते म्हणाले, हाताला लागलेली सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी मुरलेली असते, ती पुष्कळ मागाहून जाते.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"अंदाजानं. दहा?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आठ तरी धरा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्ही व्यापारी आहात का?"

"हेडी हाय."

"मग ऐका. इथं समोर विकणारा कुणी नाही. भाव कुणाशी करताय?"

आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं थोडी. ते त्यातले एक.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच होतं. बाजार. तात्यांचा हात उघडून घ्यायचा. आजार बरा होणार नव्हता, पण लबाडीचा डाग धुता येत होता आणि माझ्याकडं कागद होता. काकी एवढंच म्हणाल्या, "कागूद वाचणार हाय का कोण? त्यांना जमत न्हाय ते दाव. दोन बैल हुबं कर आन इचार मोठा कंचा. समद्यांना कळंल." मी म्हटलं, काकी, बाजार मला कळतो. तुम्ही काळजी करू नका.

बाजार मला कळत होता. हीच चूक झाली.

पुढच्या बाजारी मी तात्यांना धुतलेलं धोतर नेसवून, हाताला धरून लिंबाखाली नेलं. प्लॅस्टिकच्या फायलीत डोक्याचा फोटो. शंभरेक माणूस जमलं. मी आबांना समजावलं, कारखान्याच्या भाषेत. म्हटलं, आबा, गव्हाणीपुढं उसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. ऊस येतोय, वजन होतंय, काट्यावर सगळं बरोबर. पण आत गाळप बंद आहे. साखर येईल का? तात्यांचं तसं झालंय. डोळे ऊस पाठवतात. आत गाळप होत नाही.

लोकांना ते पटत चाललं होतं. मला चेहरे वाचता येतात. आबांनी फोटो उलटा धरून बघितला, परत दिला आणि म्हणाले, "मग येड लागलंय म्हण की."

इथं माझं डोकं फिरलं. काकींनी सांगितलेलं करायची हीच वेळ होती. दोन बैल उभे करायचे आणि विचारायचं. पण भर बाजारात तात्यांचं उणं उघडं करायचं? हेड्याची सगळी उमर मालाची चांगली बाजू पुढं करण्यात जाते. लंगडा पाय भिंतीकडं करून बैल बांधायचा, हे मी झोपेतही करीन. माझ्या तोंडून निघालं, "येड कुणाला म्हणता आबा? आणा कुठलाबी बैल. आन घाला टॉवेलाखाली हात. बघू कोण येडा ते."

आबांनी डोळ्यानं खूण केली. कुणीतरी एक चार दाती खोंड आणला. तात्या त्याच्याजवळ गेले, आणि ते वीस वर्षांनी तरुण झाले. डोळे मिटून घेतले होते. हात शिंगाच्या बुडापासून निघाला, मानेवरून वशिंडावर, पाठीच्या कण्यावरून खाली, बरगड्या एकेक करत, गुडघे, खूर. तोंडात अंगठा घालून दात. मग म्हणाले, "चौथ्या बरगडीला लहानपणी मार बसलाय. मागचा उजवा पाय पावसाळ्यात धरंल. बाकी बैल सोनं हाय." मालक चाट पडला. बरगडीचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी गिऱ्हाईक म्हणून हात पुढं केला, तात्या मालकाच्या बाजूनं. मी माझाच टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. किती दिवसांनी तात्यांचा हात टॉवेलाखाली गेला होता. टॉवेल हलत होता. आबांच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, तात्यांनी सोडला नाही. शेवटी आबा हसले आणि दाब दिला. त्यांनी मालकाच्या कानात भाव सांगितला तेव्हा मालकाच्या तोंडावरूनच कळलं की तात्यांनी आबांना पार पिळलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. मी चारी बाजूंना बघत होतो, घ्या, म्हणत होतो.

आबांनी टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला. सावकाश म्हणाले, "हात बरोबर. डोस्कं बरोबर. भाव तर लईच बरोबर." मग थोडं थांबून, "फकस्त कोसा जोडच तेवढी दिसली न्हाय, व्हय रं?"

पहिल्यांदा एक हसला. मग दहा. मग सगळे. फायलीतला फोटो कुणीतरी वर धरला, गाळप बंद, गाळप बंद, असं ओरडला. मी सांगतोय ते खरं आहे, हे दाखवायला मी आणलेला पुरावाच त्यांनी माझ्या गळ्यात बांधला होता. चुकीचा माल दाखवला होता मी. उणं विकायला गेलो आणि सोनं दाखवलं.

मी ओरडलो, दोन बैल आणा, आत्ता आणा, वेगळ्या उंचीचे, विचारा त्यांना मोठा कुठला. आणि कुणीतरी बैल सोडायलाही निघालं. तेवढ्यात तात्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्या झटक्यात हात चुकला, दुसऱ्यांदा सापडलं. म्हणाले, "बास. चल."

मी म्हटलं, तात्या, दोन मिनटं. दोन मिनटांत सगळं साफ होतं.

"चल म्हणलं ना."

एसटीत खिडकीशी ते, शेजारी मी. इंदापूर मागं पडलं. मग म्हणाले, "लबाड म्हनू दे. हेडी लबाडच असतोय, त्यात काय. खुळा म्हनाय नगं. खुळ्याच्या बायकूला लोकं कशी बगत्यात, ठावं हाय का तुला?" मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, माझ्या मांडीवर चाचपून माझा हात शोधला आणि वर टॉवेल टाकला. खाली बोटं धरली नाहीत. भाव करायचाच नव्हता त्यांना. सरळ अंगठ्याच्या मुळाशी दाब दिला आणि वाट बघत राहिले. कुणाला सांगायचं नाही, फोटो दाखवायचा नाही, पुन्हा बाजारात न्यायचं नाही, असा तो सौदा. भिगवण येईपर्यंत मी दाबलं नाही. भिगवणला मी दाबलं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. दिसणं आधी गेलं, मग हळूहळू आठवणीतले बैल गेले, गिऱ्हाइकं गेली, जावयाचं गाव गेलं, मग काकी. मी आठवड्यातून एकदा जायचो. काकी त्यांच्या हातावर टॉवेल टाकून द्यायच्या आणि आम्ही कुठलाच बैल नसताना भाव करायचो. त्यात ते मला शेवटपर्यंत पिळत होते.

आबा तात्यांच्या मातीला आले होते. मोठे मोठे शब्द बोलले. माझ्यासमोर हात पुढं केला, मी माझे दोन्ही हात पाठीमागं बांधले. आबा वारेपर्यंत मी त्यांच्याशी एकही सौदा केला नाही. बारामतीच्या त्या डॉक्टरकडंही मी एकदा जाऊन आलो. तो म्हणाला, मी डोळे बघतो, डोकं नाही. मी म्हटलं, मग डोक्यातलं नाटक तुला कसं दिसलं? माणसं बोलावून त्यानं मला बाहेर काढलं.

काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्याकडं आता कुणी कशीही नजर टाकू शकत नाही. आणि परवा बाजारात एका पोरसवद्या हेड्यानं, मी मागं उभा आहे हे न बघता, मोठ्यानं म्हटलं, तात्याची जोड दिली. या वेळी मी कॉलर धरली नाही. घरी आलो, ट्रंकेतून डोक्याचा तो फोटो काढला आणि लिहायला बसलो.

तात्या लबाड नव्हते. त्यांना ते दोन बैल दिसले, जोड दिसली नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला आजार होता, त्याचा कागद माझ्याकडं आहे, ज्याला बघायचा त्यानं यावं आणि सुलटा धरून बघावा. दाब दिलेला सौदा मी उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. हा मोडला.